ब्रिटिश सिंथपॉप: सर्वोत्तम बँडचा वाद नेमका कशावर घालायचा

ब्रिटिश सिंथपॉपमधला, म्हणजे सिंथेसायझर (थोडक्यात सिंथ) या विजेवर आवाज घडवणाऱ्या वाद्यावर उभ्या असलेल्या पॉप संगीतातला, सर्वोत्तम बँड कोणता, असा प्रश्न निघाला की डिपेश मोड, ह्यूमन लीग, ओएमडी (ऑर्केस्ट्रल मनूव्हर्स इन द डार्क), पेट शॉप बॉइज, सॉफ्ट सेल, याझू ही नावं येतात आणि पाच मिनिटांत वाद फिसकटतो. एकाच्या मनात एखादा अल्बम असतो, दुसऱ्याच्या मनात चाळीस वर्षांची कारकीर्द. दोघंही बरोबर असतात आणि दोघंही वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत असतात.

त्याहून मोठी गफलत यंत्रांच्या बाबतीत होते. १९७९ साली एका वेळी एकच सूर काढणाऱ्या सिंथवर केलेलं गाणं आणि १९८७ साली सँपलर (ध्वनिमुद्रित आवाज पट्टीवर वाजवणारं यंत्र), संगणक आणि सोळा वाहिन्यांवर केलेलं गाणं यांना आपण एकाच मापाने मोजतो. या संगीतात कोण काय करू शकलं, हे त्या वर्षी दुकानात काय मिळत होतं यावर फार अवलंबून होतं. म्हणून १९८३ या वर्षावर एक रेघ मारायची, आणि रेघेच्या अलीकडचे बँड अलीकडच्यांशी, पलीकडचे पलीकडच्यांशी ताडून पाहायचे. एवढं केलं तरी निम्मा गोंधळ मिटतो. त्यासाठी आधी यंत्रं समजून घेऊ.

कोणाला आत घ्यायचं

गाण्यातून सगळे सिंथ काढून टाकले तर गाणं उभं राहतं का, ते बघा. ड्युरान ड्युरानच्या गाण्यातून सिंथ काढले तरी गिटार, बेस आणि ड्रम यांचा चांगला चालता बँड उरतो. म्हणून ते सिंथपॉप नाहीत, कितीही चकचकीत वाजले तरी. ह्यूमन लीगच्या १९८१ च्या ‘डेअर’ या अल्बममधून सिंथ आणि ड्रम मशीन काढा, फक्त गाणारे आवाज उरतील.

अल्ट्राव्हॉक्स कुंपणावर आहेत. ‘व्हिएन्ना’ सिंथपॉपचं मानचिन्ह मानलं जातं, पण त्यातला सर्वांत उत्कट भाग बिली करीने व्हायोलावर वाजवलाय आणि बँडकडे खरा ड्रमर आणि गिटारही आहे. हे गाणं १९८१ मध्ये ब्रिटनच्या खपाच्या यादीत चार आठवडे दुसऱ्या क्रमांकावर अडकून राहिलं. याच बँडमधून आधी बाहेर पडलेल्या जॉन फॉक्सने जानेवारी १९८० मध्ये काढलेला ‘मेटामॅटिक’ मात्र शंभर टक्के आत येतो: एक छोटा स्टुडिओ, टेपवर आठ ट्रॅक (स्वतंत्र ध्वनिपट्ट्या), एआरपी ओडिसी सिंथ आणि रोलंडचं सीआर-७८ ड्रम मशीन.

क्राफ्टवेर्क जर्मन आणि आ-हा नॉर्वेचे, म्हणून या वादातून दोघेही बाहेर. पण क्राफ्टवेर्कचं ऋण मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९७५ मध्ये लिव्हरपूलच्या एम्पायर थिएटरात त्यांची मैफल झाली, तेव्हा श्रोत्यांत बसलेल्या अँडी मॅक्लस्कीने पुढे ओएमडी उभा केला.

एका वेळी एक सूर

अॅनालॉग सिंथमध्ये मुख्य भाग तीन. ऑसिलेटर सतत एक विद्युत लहर काढत असतो. लहर करवतीच्या दात्यांच्या आकाराची असेल तर आवाज भरदार आणि खरखरीत येतो, चौकोनी असेल तर पोकळ, क्लॅरिनेटच्या बाजूचा. पुढे फिल्टर त्यातल्या वरच्या, चरचरीत कंपनसंख्या कापतो. शेवटी अॅम्प्लिफायर आवाज किती आणि केव्हा ऐकू यायचा ते ठरवतो. हा ‘केव्हा’ चार खुंट्यांवर ठरतो: अटॅक (आवाज चढायला लागणारा वेळ), डीके (चढल्यावर खाली यायचा वेळ), सस्टेन (पट्टी धरून ठेवल्यावर टिकणारी पातळी), रिलीज (पट्टी सोडल्यावर विरायचा वेळ). अटॅक शून्य, डीके पाव सेकंद आणि सस्टेन शून्य ठेवला की ठसठशीत, तुटक बेस मिळतो. तोच अटॅक एक सेकंदावर नेला आणि सस्टेन वर चढवला की हळूहळू फुलणारा, व्हायोलिनच्या ताफ्यासारखा पडदा तयार होतो. त्या काळातले निम्मे आवाज या दोन टोकांच्या मधेच सापडतात.

१९७० मध्ये आलेल्या मिनिमूगमध्ये तीन ऑसिलेटर होते, पण ते तिन्ही मिळून एकच सूर काढत. स्वस्त कोर्ग, यामाहा यंत्रांचंही तेच. ऑक्सफर्डच्या इलेक्ट्रॉनिक ड्रीम प्लांट या छोट्या कंपनीने १९७८ मध्ये काळ्या-पिवळ्या रंगाचा ‘वास्प’ आणला. त्याच्या पट्ट्या दाबल्या जात नसत, नुसत्या बोटाच्या स्पर्शाने चालत, आणि किंमत दोनशे पौंडांच्या आसपास. त्यामुळे नोकरी नसलेल्या पोरांनाही सिंथ परवडू लागला. पण त्यावरही एका वेळी एकच सूर.

म्हणजे या मंडळींना कॉर्ड (एकदम वाजणारे तीन-चार सूर) धरताच येत नव्हती. गिटारवाला तीन कॉर्ड धरून गाणं रचतो. यांना एक बेसची ओळ, त्यावर एक चाल, त्यावर उलट दिशेने जाणारी दुसरी चाल असं एकेरी ओळींचं विणकाम करावं लागलं. सुरुवातीच्या सिंथपॉपमध्ये गुणगुणता येणाऱ्या वाद्यचाली एवढ्या भरपूर आहेत, त्याचं कारण हे. प्रत्येक ओळ टेपच्या वेगळ्या ट्रॅकवर घ्यायची. चार ट्रॅक संपले की तीन एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या तिनांवर पुढचं घ्यायचं. दर उतरणीला टेपची सरसर वाढते आणि एकदा एकत्र केलेल्या आवाजांचं प्रमाण नंतर बदलता येत नाही. घरी केलेल्या पहिल्या रेकॉर्डमध्ये बेस चाल गिळतोय असं वाटलं, तर चूक बहुधा इथे झालेली असते.

बिघाडही ठरलेले. ऑसिलेटरचा सूर विद्युतदाबावर चालतो आणि त्यातले भाग तापमानाला हळवे असतात. लांबलेल्या मैफिलीत तंबोरा उतरतो तसा मंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेत मिनिमूग सरकायचा. म्हणून यंत्र अर्धा तास आधी चालू करून तापू द्यायचं आणि दोन गाण्यांच्या मधे सूर लावून घ्यायचा.

दुसरा बिघाड जोडणीचा. मूग, एआरपी, रोलंड या कंपन्यांच्या यंत्रांत एक सप्तक वर जायला एक व्होल्ट वाढवायचा: १, २, ३, ४. कोर्ग आणि यामाहाच्या बऱ्याच यंत्रांत दर सप्तकाला व्होल्ट दुप्पट व्हायचा: १, २, ४, ८. रोलंडच्या सीक्वेन्सरने (भरून ठेवलेले सूर आपोआप वाजवणाऱ्या यंत्राने) कोर्ग वाजवायला गेलं की पहिलं सप्तक बरोबर येई आणि वरचे सगळे सूर चुकीच्या जागी पडत. बँडने एकाच कंपनीची यंत्रं का घेतली, यामागे आवडीपेक्षा हे कारण अनेकदा असायचं.

आता सीक्वेन्सर. १९८१ चा रोलंड एमसी-४ घ्या. त्याला पट्ट्या नाहीत, कॅलक्युलेटरसारखी आकड्यांची बटणं आहेत. प्रत्येक सुरासाठी तीन आकडे भरायचे: सूर कोणता, पुढच्या सुरापर्यंत अंतर किती, आणि त्यातला किती वेळ आवाज चालू राहील. समजा अंतर २४ टिक (यंत्राने मोजलेले वेळेचे छोटे भाग) आहे. चालू वेळ १२ ठेवली तर ओळ तुटक आणि उड्या मारणारी होते, २२ ठेवली तर सूर जवळजवळ चिकटतात. सूर तेच, पण गाण्याची चाल बदलल्यासारखी वाटते. ‘मशीन सगळं वाजवतं’ म्हणणाऱ्याने हे तिसऱ्या आकड्याचं काम एकदा करून बघावं. डिपेश मोडच्या पहिल्या गीतकाराच्या, व्हिन्स क्लार्कच्या, ओळी अशा नाचऱ्या का वाजतात, त्याचा बराचसा उलगडा याच आकड्यात आहे.

ठेक्याचा हिशोबही समजून घ्या. मिनिटाला १२० ठोके असतील तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा आणि त्याचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचा. माणूस त्यात १०-२० मिलिसेकंद मागेपुढे होतो आणि त्यातूनच त्याची लय जिवंत वाटते. यंत्र जवळजवळ होतच नाही. त्या ताठ जाळीवर माणसाचा आवाज किती सैल सोडायचा, यावर सिंथपॉपचं गाणं तरतं किंवा बुडतं.

रेघेच्या अलीकडे: १९७८ ते १९८२

१९७८ मध्ये डॅनियल मिलरने ‘द नॉर्मल’ या नावाने घरी, कोर्ग ७००एसवर एक रेकॉर्ड केली आणि ती काढण्यापुरती म्यूट नावाची कंपनी स्थापली. त्याच वर्षी शेफिल्डच्या ह्यूमन लीगने ‘बीइंग बॉइल्ड’ साध्या टेपरेकॉर्डरवर मोनोमध्ये केलं. दोन्हींत कॉर्ड जवळजवळ नाहीत, ठेका सिंथच्याच खरखरीतून बनवलाय. पुढच्या वर्षी ट्यूबवे आर्मीच्या नावाने गॅरी न्यूमनचं ‘आर फ्रेंड्स इलेक्ट्रिक’ चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. पाच मिनिटांहून लांब, आणि मुखडा शब्दांचा नसून सिंथच्या ओळीचा. न्यूमनचा पुढचा अल्बम ‘द प्लेझर प्रिन्सिपल’. त्यात गिटार नाही, पण बेस आणि ड्रम माणसंच वाजवतात, आणि वर पॉलिमूग सिंथचा ‘व्हॉक्स ह्यूमाना’ हा तयार आवाज पसरलेला. न्यूमनने दार उघडलं हे निर्विवाद. त्याला पहिल्या तिघांत मी धरत नाही, कारण त्यानंतर त्याच्या चालींतला ताण लवकर सैल झाला.

ओएमडीकडे वळू. मॅक्लस्की आणि पॉल हम्फ्रीज हे लिव्हरपूलसमोरच्या विरल भागातले. त्यांचा पहिला खरा सिंथ, कोर्ग मायक्रो-प्रीसेट, मॅक्लस्कीच्या आईच्या घरपोच खरेदीच्या कॅटलॉगमधून साप्ताहिक हप्त्यांवर आला. त्यात आवाज घडवण्याची सोय अगदी मर्यादित होती, म्हणून सगळा भार चालीवर पडला. ‘इलेक्ट्रिसिटी’ आणि ‘एनोला गे’ ऐका. दोन्हींत शब्दांचा मुखडा नाही. कडवं संपतं आणि जिथे गायकाने मुखडा धरायचा तिथे सिंथ गाऊ लागतो. ‘एनोला गे’ हे हिरोशिमावर बॉम्ब टाकणाऱ्या विमानाचं नाव, आणि त्यावर इतकी हसरी चाल. हा विरोध मुद्दाम केलेला आहे आणि आजही बोचतो.

त्यांचा नोव्हेंबर १९८१ चा ‘आर्किटेक्चर अँड मोरॅलिटी’ मात्र दुसऱ्याच पातळीवरचा. त्यात मेलोट्रॉन आहे: प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा, त्यावर ध्वनिमुद्रित केलेला खऱ्या वाद्याचा किंवा गायकवृंदाचा सूर. पट्टी दाबली की टेप ओढली जाते आणि साधारण आठ सेकंदांनी संपते. त्यामुळे लांब कॉर्ड धरून ठेवता येत नाही, हात सतत हलता ठेवावा लागतो. सूरही किंचित थरथरतो, कारण टेपची गती अगदी समान नसते. ‘मेड ऑफ ऑर्लिअन्स’ला जुनाट, चर्चसारखा रंग येतो तो या थरथरीमुळे. या अल्बममधली तिन्ही सिंगल (एका गाण्यासाठी वेगळी काढलेली रेकॉर्ड) ब्रिटनमध्ये पहिल्या पाचात गेली. त्यानंतर १९८३ मध्ये त्यांनी ‘डॅझल शिप्स’ काढला, त्यात शॉर्टवेव्ह रेडिओचे तुकडे आणि बोलत्या खेळण्याचे आवाज. विक्री कोसळली आणि बँड सावध झाला. मला तो अल्बम मनापासून आवडतो, पण त्याच्या अपयशाने ओएमडीचं धाडस संपलं हेही खरं.

आता ह्यूमन लीगचा ‘डेअर’. १९८० च्या शरदात ह्यूमन लीग फुटला. मार्टिन वेअर आणि इयन क्रेग मार्श, म्हणजे सिंथ जाणणारे दोघे, बाहेर पडले आणि त्यांनी हेवन सेव्हन्टीन काढला. मागे उरलेल्या फिल ओकीने शेफिल्डच्या क्रेझी डेझी या नाइटक्लबमध्ये नाचणाऱ्या दोन शाळकरी मुलींना, जोअॅन कॅथरॉल आणि सुझन सली यांना, बँडमध्ये घेतलं. पुढे जो कॅलिस आला, तो मुळात गिटारवादक. कागदावर हा बँड आधीच्यापेक्षा कमकुवत होता. निर्माता मार्टिन रशंटने ते उलटवलं.

रशंटकडे दोन गोष्टी होत्या: रोलंडचा एमसी-८ सीक्वेन्सर आणि लिन एलएम-१ ड्रम मशीन. एलएम-१ हे खऱ्या ड्रमच्या डिजिटल नमुन्यांवर चालणारं पहिलं यंत्र. बारा आवाज, प्रत्येकाचा सूर वेगळा खाली-वर करता येणारा. हाय-हॅट सोडली तर झांजा त्यात नव्हत्याच, कारण झांजेचा आवाज रेंगाळतो आणि तेवढी स्मृती त्या काळी परवडत नव्हती. खऱ्या ड्रमच्या रेकॉर्डमध्ये झांजांची सळसळ सगळ्यावर पसरलेली असते. ‘डेअर’मध्ये ती जागा रिकामी आहे आणि त्या रिकाम्या जागेत गायकांचे आवाज आणि सिंथच्या ओळी स्वच्छ बसतात. हेडफोन लावून ‘डोंट यू वॉन्ट मी’चं पहिलं कडवं ऐका आणि बेस, ठेका आणि वरची ओळ वेगवेगळी मोजून बघा. कुठेही एकमेकांवर चढलेलं काही नाही. दोन मुलींचा न घोटलेला आवाज हाही गुणच ठरला. ठेका चोख, सूर चोख, आणि मधे सुझन सली सहज बोलल्यासारखी गाते, म्हणून भांडण खरं वाटतं. ओकीला हे गाणं सिंगल म्हणून काढायचं नव्हतं. ते १९८१ च्या नाताळात ब्रिटनमध्ये आणि १९८२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं.

पण पुढचा ‘हिस्टीरिया’ यायला १९८४ उजाडलं. काम चालू असताना रशंट बाहेर पडला, निर्माते बदलत गेले. म्हणून माझा हिशोब असा: रेघेच्या अलीकडचा सर्वोत्तम अल्बम ‘डेअर’, पण सर्वोत्तम बँड ओएमडी. १९८० ते १९८३ मध्ये चार अल्बम, आणि चारही एकमेकांपासून वेगळे.

याच काळात वादकांमध्ये धास्तीही पसरली. मे १९८२ मध्ये ब्रिटनच्या म्युझिशियन्स युनियनच्या मध्य लंडन शाखेने सिंथ आणि ड्रम मशीनवर बंदी मागणारा ठराव केला. पोट भरणाऱ्या व्हायोलिनवादकांची ती भीती खोटी नव्हती.

दोघांचे बँड

एक गातो, एक यंत्रं सांभाळतो, ही रचना ब्रिटनने लोकप्रिय केली. लीड्सच्या पॉलिटेक्निकमध्ये भेटलेले मार्क आमंड आणि डेव्ह बॉल म्हणजे सॉफ्ट सेल. ‘टेन्टेड लव्ह’ मुळात १९६५ चं, ग्लोरिया जोन्सने गायलेलं, एड कॉबने लिहिलेलं. उत्तर इंग्लंडच्या सोल क्लबांमध्ये ते जिवंत राहिलं होतं. सॉफ्ट सेलने ते संथ केलं, दोन सुरांचा ठोसा दिला आणि ब्रासच्या (पितळी फुंकवाद्यांच्या) जागी थंड सिंथ ठेवला. दुसऱ्याचं गाणं असल्याने गीतलेखनाचा मेहनताना त्यांना मिळाला नाही, आणि सिंगलच्या मागच्या बाजूलाही त्यांनी दुसऱ्याचंच गाणं ठेवलं होतं. सॉफ्ट सेलचं मोठेपण या हिटमध्ये शोधू नका. ‘से हॅलो, वेव्ह गुडबाय’ ऐका.

व्हिन्स क्लार्क १९८१ च्या अखेरीस डिपेश मोड सोडून बाहेर पडला आणि अॅलिसन मॉयेटबरोबर याझू काढला. तिचा ब्लूजमध्ये मुरलेला जाड आवाज आणि त्याच्या टोकदार, बारीक ओळी. इतकं विजोड जमलेलं जोडपं या प्रकारात दुसरं नाही. ‘ओन्ली यू’ १९८२ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलं. १९८३ च्या नाताळात फ्लाइंग पिकेट्स या गायकवृंदाने तेच गाणं एकही वाद्य न घेता गायलं आणि पहिल्या क्रमांकावर नेलं. यंत्रं काढून घेतल्यावर चाल उरते का, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मागायची गरज नाही. याझू दोन अल्बमनंतर संपला, मग १९८५ मध्ये अँडी बेलबरोबर इरेजर आला. एक माणूस, तीन यशस्वी बँड. प्रश्न व्यक्तीचा असेल तर उत्तर व्हिन्स क्लार्क.

१९८३ ला काय झालं

जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेत एका वाद्यप्रदर्शनात सिक्वेन्शियल कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ एका साध्या पाच टोकांच्या तारेने जोडून दाखवले गेले. ही मिडी. व्होल्टचा घोळ संपला. एका तारेतून सोळा वाहिन्या, कोणत्याही कंपनीचं यंत्र कोणत्याही यंत्राला वाजवू शकतं. त्याच वर्षी यामाहाचा डीएक्स-७ आला: सोळा सूर एकदम, सूर सरकत नाही, वजनाला हलका. पण त्यावर स्वतःचा आवाज घडवणं महाकठीण, कारण खुंट्या नाहीत, एक छोटी पडदी आणि एक सरकपट्टी. बहुतेकांनी कारखान्यातले तयार आवाजच वापरले. ऐंशीच्या दशकाच्या मध्यातल्या कितीतरी रेकॉर्डवर तोच इलेक्ट्रिक पियानो आणि तोच बेस ऐकू येतो तो यामुळे. आणि सँपलर स्वस्त होऊ लागले, म्हणजे जगातला कुठलाही आवाज पट्टीवर आणता येऊ लागला.

बंधन गेलं तशी शिस्तही गेली. सोळा सूर हाताशी आल्यावर पुष्कळ बँडनी सोळाच्या सोळा वाजवले.

न्यू ऑर्डरचं ‘ब्लू मंडे’ याच उंबरठ्यावरचं, मार्च १९८३. ओबरहाइम डीएमएक्स ड्रम मशीन, बर्नार्ड सम्नरने सुटे भाग आणून स्वतः जोडलेला पॉवरट्रॅन सीक्वेन्सर आणि पीटर हुकचा खरा बेस. ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेलं बारा इंची सिंगल तेच. पण या बँडचा अर्धा जीव गिटार आणि बेसमध्ये आहे. त्यांना या स्पर्धेत उतरवणं त्यांच्यावरही अन्याय.

रेघेच्या पलीकडे

व्हिन्स क्लार्क गेल्यावर डिपेश मोड संपेल असं वाटणं साहजिक होतं. पहिल्या अल्बममधली बहुतेक गाणी त्याची होती. लेखन मार्टिन गोरकडे आलं, अॅलन वाइल्डर वादक म्हणून आला आणि १९८३ च्या ‘कन्स्ट्रक्शन टाइम अगेन’साठी मंडळी टेपरेकॉर्डर घेऊन लंडनच्या शोरडिच भागात पत्रे आणि पाइप ठोकत फिरली. ते आवाज सिंक्लाव्हियर या सँपल घेणाऱ्या डिजिटल सिंथवर चढवले. ठोक्याचा पहिला क्षण फार महत्त्वाचा: सँपलची सुरुवात काही मिलिसेकंद उशिरा कापली तर धातूची टोच जाते आणि नुसतं घुमणं उरतं. लवकर कापली तर आधी शांतता येते आणि ठोका ठेक्यामागे पडतो. १९८४ च्या ‘पीपल आर पीपल’मध्ये प्रत्येक घाव नेमका जागेवर पडतो, तो या कापणीमुळे.

त्यांनी दुसऱ्यांच्या तयार आवाजांपेक्षा स्वतः गोळा केलेले आवाज पसंत केले, म्हणून १९८६ चा ‘ब्लॅक सेलिब्रेशन’ त्या वर्षाच्या शिक्क्यातून सुटला. ‘एन्जॉय द सायलेन्स’ची गोष्ट मराठी वाचकाला जवळची वाटेल. गोरने ते मुळात पेटीवर, हार्मोनियमवर, संथ भजनासारखं केलं होतं. वाइल्डर आणि निर्माता फ्लड यांनी त्याखाली नाचाचा ठेका घालायचं सुचवलं. गोरचा आधी विरोध होता. पेटीवरचं रूप नंतर प्रसिद्ध झालं आहे. दोन्ही लागोपाठ ऐकली की चाल कुठे संपते आणि मांडणी कुठे सुरू होते ते लख्ख कळतं.

आक्षेप ठरलेला आहे: १९९० च्या ‘व्हायोलेटर’मधली दोन्ही गाजलेली गाणी, ही आणि ‘पर्सनल जीझस’, गिटारवर चालतात. आपल्या पहिल्या कसोटीवर ती घसरतात. आक्षेप खरा आहे, पण तिथली गिटार सँपलसारखी वापरलीय: एक छोटा तुकडा, पुन्हापुन्हा, जाळीवर बसवलेला. जॉनी कॅशने ‘पर्सनल जीझस’ गिटारवर गायलं तेव्हा चाल तग धरून राहिलीच.

पेट शॉप बॉइज हे त्यांचे खरे प्रतिस्पर्धी. नील टेनंट आणि क्रिस लो १९८१ मध्ये लंडनच्या किंग्ज रोडवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात भेटले. ‘वेस्ट एंड गर्ल्स’ १९८४ मध्ये एकदा निघालं आणि ब्रिटनमध्ये चाललं नाही. स्टीफन हेगबरोबर पुन्हा केलेलं रूप १९८६ मध्ये ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिलं आलं. तीच चाल, जवळजवळ तेच शब्द, फक्त गती उतरवली आणि शहराचं वातावरण भरलं. १९८८ च्या ‘इन्ट्रोस्पेक्टिव्ह’मध्ये सहाच गाणी आहेत आणि सगळी लांबलचक. आधी लांब रूप करायचं, मग कापून सिंगल काढायचं, असा उलटा क्रम. शब्दांच्या बाबतीत त्यांच्या जवळपास कोणी येत नाही. सिंगल्सचा प्रश्न असेल तर मी त्यांच्याच बाजूने उभा राहीन. बँडचा असेल तर डिपेश मोडच्या, कारण यंत्रं बदलली तेव्हा बाकीचे बावरले किंवा गुळगुळीत झाले आणि हे चौघे अधिक धीट झाले. रेघेच्या दोन्ही बाजू एकत्र धरूनही माझं मत त्यांनाच.

मुंबईशी जोडलेला धागा

या वादात ब्लमाँज हा बँड सहसा विसरला जातो. नील आर्थर आणि स्टीफन लस्कम यांच्या १९८२ च्या ‘लिव्हिंग ऑन द सीलिंग’मध्ये पंडित दिनेश यांचा तबला आणि दीपक खजांची यांची सतार आहे, आणि गाणं ब्रिटनमध्ये सातव्या क्रमांकावर गेलं. तबला इथे शोभेला नाही. सीक्वेन्सरच्या ताठ सोळा भागांमध्ये तो लयीला किंचित पुढे ओढतो, आणि आपल्या कानाला ते पहिल्या आवर्तनातच जाणवतं. लस्कमने पुढे वेस्ट इंडिया कंपनी नावाचा गट काढला. त्यांच्या १९८४ च्या ‘आवे मारिया’ या रेकॉर्डवर गायल्या आहेत आशा भोसले. ब्रिटिश सिंथपॉपच्या इतिहासात मराठी आवाज शोधायचा तर तो तिथे आहे, आणि अव्वल दर्जाचा आहे.

वाद घालायची बैठक

चार जण जमा, प्रत्येक बँडची तीनच गाणी घ्या: एक गाजलेलं, एक अल्बममधलं, एक धीम्या लयीचं. तिसरं महत्त्वाचं, कारण ठेक्याचा आधार सुटल्यावर कच्ची चाल उघडी पडते. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. सिंथ बेसचे खालचे सूर ४० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात असतात आणि तो स्पीकर ते जवळजवळ गाळतोच. मग न्यूमन किरकिरा वाटतो आणि दोष त्याच्या माथी जातो.

आवाजाची पातळी प्रत्येक गाण्याला कानाने सारखी करून घ्या. एखाद-दुसऱ्या डेसिबलने मोठं वाजणारं गाणं माणसाला ‘चांगलं’ वाटतं, आणि नव्या रीमास्टर (नव्याने ध्वनिसंस्कार केलेल्या) आवृत्त्या बहुधा जुन्यांपेक्षा मोठ्या असतात. सात इंची, म्हणजे सिंगलच्या छोट्या, रूपाची तुलना सात इंची रूपाशीच करा. संकलनांमध्ये कधीकधी कलाकारांनी दशकांनंतर पुन्हा गायलेली रूपं असतात, त्यामुळे वर्ष तपासा.

शंभर गुण असे वाटा: चालीला ४०, आवाजाच्या घडणीला ३०, गायकीला २०, टिकावाला १०. टिकावाला इतके कमी का? जास्त दिले तर जो बँड नुसता चालू राहिला तो जिंकतो आणि दोन अल्बममध्ये सगळं सांगून गेलेला याझू हरतो. गुण दोन वेगळ्या कागदांवर लिहा, एक १९८३ आधीचा, एक नंतरचा, आणि बेरीज एकत्र करायची घाई करू नका.

ह्यूमन लीगवर एकमत होत नसेल तर ‘डेअर’नंतर लगेच ‘लव्ह अँड डान्सिंग’ लावा. रशंटने ‘डेअर’च्याच गाण्यांच्या टेप ब्लेडने कापून, जोडून १९८२ मध्ये केलेला हा जवळजवळ बिनगायकीचा अल्बम. गायकांचे आवाज बाजूला झाले की ठेका आणि ओळी किती सोसतात ते त्यात ऐकू येतं. आवाजाच्या घडणीचे तीस गुण तो ऐकल्यावरच लिहा.